दहाच्या वर, पंधराच्या आत

आमच्या केंद्राच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'लवकर या!' उद्गारचिन्हासकट. पाटी मीच रंगवून घेतली, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही. मनाचा आजार बळावायच्या आधीच माणसाला गाठायचं, त्याच्याच वस्तीत, त्याच्या घराजवळ, असा हा कार्यक्रम, आणि मी त्याची व्यवस्थापक. त्याआधी वीस वर्षं नर्स होते. तिथे माणसं उशिरा यायची आणि आम्ही हळहळायचो. इथे माणसं लवकर येतात आणि आम्ही त्यांना परत पाठवतो.

हसू नका, त्याला नियम आहे. पंचवीस प्रश्नांचा एक फॉर्म. प्रत्येक 'हो'ला एक गुण. दहापेक्षा कमी पडले तर तुम्ही आजारीच नाही, घरी जा. पंधराच्या वर गेले तर तुम्ही फारच आजारी, मोठ्या हॉस्पिटलात जा. दहा ते पंधरा पडले तर तुम्ही आमचे. या सहा आकड्यांत ज्याचं दुःख नीट मावतं त्याला आम्ही खुर्ची देतो, पाणी देतो आणि फॉर्म भरल्यापासून चौदा दिवसांच्या आत डॉक्टरांसमोर बसवतो.

त्या चौदा दिवसांत आमचा सगळ्यांचा जीव अडकलेला. मुख्य कार्यालय बाकी काही बघत नाही. माणूस बरा झाला का, कामाला लागला का, कुणी विचारत नाही. चौदा दिवस पाळले का, एवढंच विचारतात. आता डॉक्टर येतात फक्त गुरुवारी आणि तपासतात सहा जणांना. म्हणून त्यांचं नावच गुरुवारचे डॉक्टर. दोन गुरुवार म्हणजे बारा माणसं. तेरावा जिना चढून आला की आमचं घोडं अडलं. आणि तरीसुद्धा अकरा महिने आम्ही शंभर टक्के! सगळ्या केंद्रांत पहिले. मुख्य कार्यालयाची फिरती ढाल ते सगळे महिने आमच्याच कपाटावर. हिशेब ठेवायला आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही टक्केबुवा म्हणतो. ते ढालीवरची धूळ रोज स्वतःच्या रुमालानं पुसायचे.

हे जमलं कसं, ते सांगते. लाज वाटते, पण सांगते.

गुरुवार मोकळे असले की मी आलेल्या माणसाला बसवून घ्यायची, पेन उघडायची, 'झोपेचं कसं काय?' असं विचारायची आणि गप्प राहायची. आपण गप्प राहिलो की माणूस बोलतो. बघता बघता बारा-तेरा गुण होतात. गुरुवार भरलेले असले की मी उभ्या उभ्याच विचारायची, पेनाला टोपण लावून: 'झोप बरी आहे ना? जेवणखाण व्यवस्थित? वेगळं, विचित्र असं काही नाही ना?' दारात उभं राहून पाहुण्याला 'चहा घेणार होतात का?' असं विचारावं, तसं. कोण हो म्हणेल? माणूसच ओशाळतो, नाही नाही म्हणतो आणि सात-आठ गुण घेऊन घरी जातो. मी कुणाला खोटं बोलायला लावलं नाही. एकाही फॉर्मवर खाडाखोड नाही. असं मी स्वतःला सांगायची, आणि मला ते पटायचंही.

आमच्या जिन्याखालीच एका शिंप्याचं दुकान आहे. सगळे त्यांना मास्टर म्हणतात. बायको वारलेली, घरात ते आणि मुलगी. मुलगी एकवीस वर्षांची, काज-बटण आणि तुरपाई तिच्याकडे. हात इतका सफाईदार, की टाका शोधावा लागे. आमच्या पडद्यांची दुमड तिनंच घातलेली.

एका सोमवारी मास्टर तिला घेऊन वर आले. खांद्यावर टेप तशीच.

"बाई, जरा बघा हो हिच्याकडे. शिवून झालेले कपडे उसवते. कालच एका गिऱ्हाइकाची पँट पुरी करून ठेवली होती, सकाळी बघतो तर दोन्ही पायांची दुमड मोकळी. विचारलं तर बोलत नाही. तुमची पाटी रोज वाचतो मी. म्हटलं, लवकर जावं."

मी वहीकडे बघितलं. दोन्ही गुरुवार भरलेले. बाराच्या बारा नावं. मी उठून उभी राहिले आणि प्रश्न सुरू केले, दारातल्या चहाच्या आवाजात. मुलगी निघायच्या बेतातल्या पाहुणीसारखी खुर्चीच्या कडेवर बसली होती. नाही, नाही, हो, नाही. बाप प्रत्येक 'नाही'ला मान हलवत होता, पोरगी पास होत असल्यासारखा. शेवटचा प्रश्न झाला आणि ती आपण होऊन बोलली.

"शिवणीच्या आत निरोप असतो."

"कसला निरोप?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"अजून वाचता येत नाही. पण कुणीतरी पाठवतंय."

वीस वर्षं मी वॉर्डात काढली आहेत. असं बोलणारी माणसं मी शंभर पाहिली असतील, आणि त्यातली जी वेळेवर आली ती कशी सावरली आणि जी उशिरा आली त्यांचं काय झालं, हेही पाहिलंय. मी मनातल्या मनात पुन्हा मोजले. ज्या प्रश्नांवरून मी उडी मारली होती ते धरले तर अकरा होत होते. चोख अकरा. ती आमची होती. जिच्यासाठी हा सगळा पसारा मांडलाय, तीच ही.

मी आठ लिहिले.

"काही नाही, मास्टर," मी म्हणाले. "हातशिलाईनं डोळ्यांना ताण पडतो. लवकर आलात हे फार छान केलंत. आता सहा आठवड्यांनी या, पुन्हा फॉर्म भरू."

मास्टरांनी हात जोडले. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. जिना उतरतानाही तिनं दोनदा वळून बघितलं.

आमच्याकडे आत्या म्हणून एक आहेत. वस्तीत घरोघर फिरून लोकांशी बोलायचं त्यांचं काम. वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, त्यामुळे मला सरळ अगंतुगं करतात. त्यांनी फॉर्म बघितला.

"आठ? अगं, तिच्या तोंडावर सगळं लिहिलंय."

"आत्या, तोंडावरचं फॉर्ममध्ये धरत नाहीत."

"मग फॉर्म कशाला भरतेस, तोंडच बघ की!"

"गुरुवार भरलेत," मी म्हणाले.

आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाचच ढाल सरळ करायला उठले.

सहा आठवड्यांच्या आत दुसरा फॉर्म भरता येत नाही, हाही नियमच. का, ते विचारू नका. मी विचारलं होतं तेव्हा मुख्य कार्यालयानं तोच नियम पुन्हा एकदा पाठवला. मास्टर मात्र दर सोमवारी वर यायचे. पहिल्या सोमवारी म्हणाले, तिनं वकिलाच्या कोटाचं अस्तर उसवलं. दुसऱ्या सोमवारी म्हणाले, मशीनजवळ बसत नाही, मशीन बोलते म्हणते. तिसऱ्या सोमवारी नुसते बाकावर बसून राहिले. मी त्यांना दर वेळी एक पत्रक द्यायची. 'मन प्रसन्न ठेवा. दीर्घ श्वास घ्या. आवडीचा छंद जोपासा.' पत्रकावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. मास्टर ते नीट घडी करून खिशात ठेवायचे. इतका साधा माणूस, मला त्यांच्याकडे बघवेना, आणि बघवेना म्हणून मी त्यांच्यावर चिडायला लागले.

"मास्टर, दर आठवड्याला येऊन काय होणार? सहा आठवडे होऊ देत की!"

"हो बाई. तेच मोजतोय."

आत्यांनी मात्र त्या दिवसांत दुकानाचा उंबरा सोडला नाही. कधी बटण तुटलं, कधी हूक निघाला. त्यांच्या सगळ्या कपड्यांना महिनाभरात नवी बटणं लागली. मुलगी हातात सुई घेईना, तर आत्या स्वतःच बटण लावायच्या आणि तिच्याशी बोलत बसायच्या. ती उत्तर द्यायची नाही. आत्यांना त्याचं काही नव्हतं.

सहा आठवडे झाले त्या दिवशी मुलगी वर यायला तयार होईना. आत्यांनी दुकानातच बसून फॉर्म भरला. सतरा.

सतरा म्हणजे पंधराच्या वर. म्हणजे आमची नाही. मी नियमाप्रमाणे मोठ्या हॉस्पिटलच्या नावानं चिठ्ठी दिली. मास्टर दुकान बंद करून तिला घेऊन गेले. संध्याकाळी दुसरी चिठ्ठी घेऊन परत आले: 'रुग्णाचा पहिलाच प्रसंग असल्यामुळे प्रकरण आपल्या लवकर-उपचार केंद्राच्या कक्षेत येते.' मी उलट चिठ्ठी दिली: 'गुण सतरा, सबब आमच्या कक्षेत येत नाही.' त्यांनी तिसरी दिली. भाषा दोन्हीकडची अतिशय अदबीची. सादर, सविनय, कृपया. दोघांनी मिळून त्या बापाला चार दिवस चेंडूसारखं टोलवलं, पण एकदाही 'कृपया' विसरलो नाही.

पाचव्या दिवशी मास्टर वर आले. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर ओळीनं मांडल्या.

"बाई, मी लवकर आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, अजून लवकर आहे. आता म्हणता, उशीर झाला. मधे नेमकं कधी यायचं होतं तेवढं सांगा. मला आणखी कुणी नाही. ती चार दिवस जेवलेली नाही. अन्नातसुद्धा कुणी काही शिवलंय म्हणते."

आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर मी भांडले असते, भांडायला मी कधीच कमी पडत नाही.

ते खाली गेल्यावर टक्केबुवा माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, पंधरा करा. दोनच गुणांचा तर प्रश्न आहे. येत्या गुरुवारी एक जागा रिकामी झालीय, चौदा दिवसांत सहज बसतंय. पहिला फॉर्म आठचा आहेच. म्हणजे बघा, आठवरून पंधरा, आपण अगदी वेळेवर पकडली असं दिसतंय. सुंदर आलेख येईल."

मी पंधरा केले. आकडे खाली आणायचा हात बसलेला होता माझा. आणि हेही सांगते, या वेळी मला त्याची लाज वाटली नाही. लाज वाटायची ती आधीच्या आठाची, आणि त्या आठाकडे आता कुणी संशयानं बघणारच नव्हतं.

गुरुवारी मुलगी दुकानातच अडून बसली. कुठेही नेलं तर येईन, वर येणार नाही, म्हणाली. शेवटी मीच खाली गेले. ती कापडाच्या ताग्यांमागे भिंतीला टेकून बसली होती. गाल आत गेलेले, ओठ सुकलेले. मला बघून ती घाबरली नाही, रागावली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी मी निरोपाचं सांगितलं तेव्हा तुम्हाला सगळं कळलं होतं. तुमच्या तोंडावर दिसलं मला. आणि तुम्ही मुद्दाम काही नाही म्हणालात. तुम्ही त्यांच्यातल्या आहात."

आता आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं असतं, की आजारी माणसाच्या अशा समजुतीला हो म्हणू नये आणि नाहीही म्हणू नये. शांतपणे म्हणावं, 'तुला तसं वाटतंय, हे मला समजतंय.' हे वाक्य मी शंभर माणसांना म्हटलं असेल. पण त्या दिवशी जेवढं ते माझ्या कामी आलं तेवढं आधी कधी आलं नव्हतं.

"तुला तसं वाटतंय, हे मला समजतंय," मी म्हणाले.

"खोटं बोलते ही, बाबा!" ती ओरडली. मास्टर मला हात जोडून म्हणाले, "बाई, मनावर घेऊ नका. आजार बोलतोय तिचा."

माझी मान आपोआप हलली. हो, म्हणून.

डॉक्टरच मग खाली आले. टक्केबुवा मागून म्हणत होते, की नियमात 'केंद्रात तपासणी' असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, "जिना केंद्राचाच आहे ना? मग शेवटच्या पायरीवर बसतो." आणि खरंच बसले, दुकानात पाय सोडून, तासभर. बाकीचे पाच जण वर बसून राहिले. त्या दिवसापासून औषध सुरू झालं.

ती सावरली. लगेच नाही. पहिले दोन महिने नुसती झोपायची, अंग सुजल्यासारखं दिसायचं, हात थरथरायचे, सुईत दोरा जाईना. मास्टर स्वतः दोरा ओवून द्यायचे. एकदा फाईल चाळता चाळता डॉक्टर सहज म्हणाले, "दीड महिना आधी हाती लागली असती तर एवढं जड औषध लागलं नसतं." मी म्हटलं, "हो ना." मास्टर तिथेच उभे होते. ते म्हणाले, "आमचंच चुकलं डॉक्टर, आम्ही उशीर केला." मी फाईल उचलली आणि दुसरीकडे ठेवायला गेले. दुसरीकडे कुठे? जिथून आणली तिथेच.

तिसऱ्या महिन्यापासून हात स्थिर झाले. आत्या रोज तिच्याजवळ बसायच्या. त्यांनी तिला एक वही करून दिली होती. पानाच्या डावीकडे लिहायचं 'खरं', उजवीकडे 'आजाराचं'. जे जे त्या दिवसांत मनात आलं ते आठवेल तसं मांडायचं, आणि ठरवायचं कुठल्या बाजूला जातं. शिवणीतले निरोप उजवीकडे. मशीनचं बोलणं उजवीकडे. वकिलाचा कोट उसवला, हे डावीकडे, कारण वकील अजून रागावलेला होता. एके दिवशी ती वही घेऊन आपण होऊन वर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाई, मी तुमच्याबद्दल वाईट वाईट बोलले होते. माफ करा. हे बघा, लिहिलंय." उजव्या बाजूला तिच्या बारीक अक्षरात होतं: 'वरच्या बाईंना सगळं कळलं होतं आणि त्यांनी लपवलं.'

"अगं, चालायचंच," मी म्हणाले.

चालायचंच! जीभ झडली नाही माझी. ती हसून खाली गेली आणि मी फाईल उघडून बसले. आत्या खिडकीशी होत्या. त्यांना ते आठ माहीत होते; अकरा झाले होते हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पण त्यानंतर मला एक गोष्ट दिसायला लागली, आणि दिसायची थांबेना. मी जाता-येता दुकानात डोकावायची. गिऱ्हाईक आलं की ती कपडे दाखवायची, माप घ्यायची, सगळं चोख. गिऱ्हाईक गेलं की बापाला विचारायची, "बाबा, ते रागावले होते का? मला वाटलं रागावले. खरं का?" एखादी बाई लाडानं बोलून गेली तर, "त्या चांगल्या बोलल्या ना? मला तसं वाटलं, खरं का?" दिवसातून वीस वेळा. मास्टर हातातली कात्री थांबवून दर वेळी सांगायचे. उद्या मास्टरच राहिले नाहीत तर हिला कोण सांगणार, असा विचार माझ्याही मनात आला. मी तो तिथेच टाकून वर आले.

औषध सुरू होऊन पाच महिने झाले तेव्हा मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. पाहणी समिती येणार. कार्यक्रम पुढे चालवायचा की नाही ते ठरवणार. सोबत अट: 'लवकर उपचारामुळे बरा झालेला एक लाभार्थी हजर ठेवावा. त्याने तीन मिनिटे स्वतःच्या शब्दांत बोलावे. शब्द आधी मंजूर करून घ्यावेत.'

आता खरं सांगायचं तर आमच्याकडे बरे झालेले लाभार्थी ढिगानं होते. त्यातले निम्मे मुळात आजारीच नव्हते. एका कारकुनाचे बारा गुण आले होते कारण बायको माहेरी गेली होती. ती परत आली आणि तो चार गुणांवर आला. टक्केबुवांच्या तक्त्यात तो आमचा सर्वांत झटपट बरा झालेला रुग्ण. पण तीन मिनिटं बोलायला ऐवज हवा ना! सगळ्यांनी एकमतानं मास्टरांच्या मुलीचं नाव काढलं. मास्टर भरून पावले. टक्केबुवांनी तिच्याकडून दोन दिवस तालीम करून घेतली. तिनं भाषणात 'शंभर टक्के' हे शब्द घालावेत म्हणून त्यांनी बराच जोर लावला, पण ती म्हणाली, "मी शंभर टक्के नाहीये."

समितीत तिघं होती. समितीप्रमुख बाई मधल्या खुर्चीवर, दोन्हीकडे दोन गृहस्थ, एक लिहिणारा आणि एक मान हलवणारा. टक्केबुवांनी आलेख दाखवले. मान हलवणाऱ्यानं मान हलवली. मग ती पुढे आली. तिनं स्वतः शिवलेला निळा ड्रेस घातला होता. मास्टर शेवटच्या रांगेत, नवीन शर्टात, हात मांडीवर घट्ट.

ती न अडखळता बोलली. कपडे कसे उसवले, जेवण कसं सोडलं, आत्या बटणं लावायला कशा यायच्या, डॉक्टर पायरीवर कसे बसले. समितीप्रमुख बाईंनी दोनदा डोळे पुसले. मग तिनं वही उघडली.

"मला तेव्हा वाटायचं की वरच्या बाईंना सगळं कळलंय आणि त्या मुद्दाम लपवतायत," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. सगळे हसले. टक्केबुवा सगळ्यांत मोठ्यानं.

"तो आजार होता," ती पुढे म्हणाली. तालमीत हे नव्हतं. टक्केबुवा कागद चाळायला लागले. "पण बाकीच्या गोष्टींपेक्षा हीच सोडायला जास्त वेळ लागला. शिवणीचं मला अर्धवटच पटलेलं असायचं. बाईंचं मात्र मी डोळ्यांनी बघितलं होतं. इतकी खात्री मला कशाचीच नव्हती. आणि तेच चुकलं. म्हणून आता मी कुणाच्या तोंडावर काही दिसलं तर मानत नाही. बाबांना विचारते. माझा माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी शिकले. सगळ्यांची आभारी आहे."

टाळ्या पडल्या. समितीप्रमुख बाई म्हणाल्या, "वा! याला म्हणतात आजाराची जाण. हे वाक्य अहवालात घ्या." लिहिणारा गृहस्थ लिहायला लागला. 'माझा माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही.'

मी उभी राहिले. कशी राहिले ते मला ठाऊक नाही.

"ते आजाराचं नव्हतं," मी म्हणाले.

टाळ्या अजून पुरत्या थांबल्या नव्हत्या. मी पुन्हा मोठ्यानं म्हणाले, तिच्याकडे बघून, समितीकडे नाही. "पोरी, ते आजाराचं नव्हतं. तू बरोबर बघितलंस. मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझे अकरा गुण होते आणि मी आठ लिहिले. दोन्ही गुरुवार भरले होते म्हणून. तुला घेतलं असतं तर चौदा दिवस चुकले असते. मी जाणूनबुजून काही नाही म्हणाले. मास्टर, तुम्ही उशीर केला नाही. उशीर मी केला."

टक्केबुवा माझी बाही ओढत होते. "मॅडम, बसा ना, दमलात तुम्ही." समितीप्रमुख बाई अतिशय मायेनं म्हणाल्या, "या कामात ताण फार असतो. आम्ही समजू शकतो. तुम्हाला तसं वाटतंय, हे आम्हाला समजतंय." आणि टक्केबुवांना हळूच म्हणाल्या, "यांचाही एकदा फॉर्म भरून घ्या."

मास्टर शेवटच्या रांगेतून पुढे आले. मला वाटलं मला मारतील. मारावं असं मला मनापासून वाटत होतं. ते माझ्यासमोर थांबले, माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मुलीजवळ गेले. ती वही टेबलावर ठेवून वाकली होती. उजवीकडची ती ओळ तिनं खोडली, डावीकडे, 'खरं'च्या बाजूला, जागा नव्हती म्हणून तिथल्या समासात आडवी लिहिली.

"मग पाच महिने का नाही सांगितलंत?" तिनं मान वर न करता विचारलं.

उत्तर कपाटावर ढाल होऊन बसलं होतं आणि ते तिला दाखवायची माझी हिंमत नव्हती.

ती माझ्या उत्तरासाठी थांबलीच नाही. तिनं वही मिटली आणि बापाचा हात धरला. दोघं निघाले. लिहिणाऱ्या गृहस्थानं विचारलं, हे कुठल्या रकान्यात घ्यायचं. आत्या उठल्या, त्यांनी दार उघडून धरलं, आणि त्याही त्यांच्या मागे गेल्या.

जिन्यावरून तिचा आवाज वर येत होता. रडत होती की हसत होती, मला ओळखता येईना. "बाबा, मला कळलं होतं," ती म्हणत होती. "मला बरोबर कळलं होतं, बाबा." एकेका पायरीला तेच. मी कान देऊन ऐकत राहिले. शेवटच्या पायरीपर्यंत तिनं एकदाही 'खरं का' म्हणून विचारलं नाही.